लिंबू-मोसंबीची साल जपायची कशी: झाडापासून मार्केट यार्डापर्यंत

आमची दौंड तालुक्यात चौफुल्याच्या अलीकडे कागदी लिंबाची बाग आहे आणि बांधाच्या पलीकडे थोडी मोसंबी. पहिला हस्त बहार (पावसाळा संपताना फुलून उन्हाळ्याच्या तोंडी काढणीला येणारा) हाती आला तेव्हा मार्च चालू होता आणि लिंबाला चांगला भाव होता. रात्रीची लाईट होती म्हणून रात्रभर पाणी दिलं, पहाटे पाचला बॅटरीच्या उजेडात तोडा सुरू केला. दुपारी टेम्पो भरताना एकेक फळ काचेसारखं चमकत होतं. माल त्या दिवशी निघू शकला नाही, दुसऱ्या दिवशी रात्री निघाला. पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डात गाळ्यावर गोण्या उघडल्या तर प्रत्येक तिसऱ्या-चौथ्या लिंबावर तपकिरी, बसके डाग. माल ‘डागी’ म्हणून निम्म्याहून कमी भावात गेला. गाळ्यावरच्या एका वयस्कर हमालकाकांनी एक लिंबू हातात घेऊन सालीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, “ताई, पहाटे तोडलं का? पाणी दिलं होतं का आदल्या रात्री?”

त्यांनी न सांगता ओळखलं होतं. त्यानंतरची चार वर्षं मी हा एकच विषय शिकत आले. नवीन बाग धरलेल्या किंवा पहिल्यांदाच स्वतः माल घेऊन पुण्याला निघालेल्या शेतकऱ्यांनी माझ्यासारखं नुकसान सोसू नये, म्हणून हे सगळं क्रमानं लिहिते आहे.

## १. आधी साल समजून घ्या

लिंबाच्या, मोसंबीच्या, संत्र्याच्या सालीचे दोन थर असतात. वरचा रंगीत थर आणि आतला पांढरा, कापसासारखा. वरच्या थरात डोळ्यांना दिसतील अशा तेलाच्या बारीक पिशव्या असतात. साल चिमटीत वाकवली की जो फवारा डोळ्यात झोंबतो, तो याच पिशव्यांमधला.

हे तेल फळाच्याच सालीला विषारी असतं. पिशवीत आहे तोवर काही होत नाही. धक्क्यानं, दाबानं, नखानं पिशवी फुटली की तेल आजूबाजूच्या पेशींमध्ये झिरपतं आणि त्या पेशी मरतात. मेलेला भाग खाली बसतो आणि पिशव्या मात्र टाचणीच्या टोकांसारख्या वर उरतात. हमालकाकांनी बोट फिरवून हेच पाहिलं. शास्त्रीय पुस्तकांत याला ‘ओलिओसेलोसिस’ म्हणतात. मी आमच्या माणसांना ‘तेलडाग’ म्हणून सांगते, ते लगेच कळतं.

या डागाची सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे तो लगेच दिसत नाही. मार बसतो आज, डाग उमटतो उद्या-परवा. त्यामुळे भरताना माल स्वच्छ दिसतो आणि आपण निर्धास्त राहतो. एका फळाचं फुटलेलं तेल शेजारच्या फळावर लागलं तर तेही डागाळतं. हिरवट लिंबावर असा डाग पडला तर बाकीचं लिंबू पिवळं झालं तरी डागाची जागा हिरवीच राहते, आणि डाग आणखी उठून दिसतो.

कागदी लिंबाची साल नावाप्रमाणे कागदासारखी पातळ असते. साई शरबती, फुले शरबती या राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या जातीही पातळ सालीच्याच. मोसंबी थोडी दणकट वाटते म्हणून लोक ती आपटतात, पण मोसंबीलाही तेलडाग पडतात.

## २. लागणारं सामान

यातलं बहुतेक तुमच्या घरी असेलच. तोडणीच्या आदल्या दिवशी एका जागी काढून ठेवा.

- गोल टोकाच्या, लहान पात्याच्या फळ तोडायच्या कात्र्या, माणशी एक. टोकदार सिकेटर (छाटणीची कात्री) नको, त्याचं टोक शेजारच्या फळात घुसतं.
- सुती हातमोजे. तेलानं भिजले की बदलायला दुसरा जोड हवा.
- गळ्यात अडकवायच्या कापडी झोळ्या, शक्यतो खालून उघडणाऱ्या.
- २० किलोची प्लास्टिकची कॅरेट, आतून गुळगुळीत. कडा फुटलेलं कॅरेट बाजूला काढा.
- कॅरेटच्या तळाला घालायला फोमची शीट किंवा कोरा कागद.
- सावलीसाठी शेडनेट, टेम्पोसाठी ताडपत्री.
- नेलकटर. सकाळी सगळ्यांची नखं कापल्याशिवाय आमच्याकडे तोडा सुरू होत नाही, माझीसुद्धा.

## ३. तोडणीचा दिवस आणि वेळ

नुकसानाचा मोठा वाटा इथेच ठरतो, म्हणून हा भाग नीट वाचा.

पहाटे फळ पाण्यानं टम्म भरलेलं असतं. रात्री झाडाची पानं पाणी बाहेर टाकत नाहीत, मुळं मात्र ओढत राहतात. साल ताणलेली असते आणि तेलाच्या पिशव्या फुगलेल्या. अशा वेळी हलक्या दाबानंही त्या फुटतात. ऊन वर आलं की झाड पाणी सोडू लागतं, फळ किंचित सैलावतं आणि तेवढाच दाब ते सहन करतं.

म्हणून:

- सालीवरचं दव पूर्ण सुकल्याशिवाय फळाला हात लावू नका. आमच्याकडे हिवाळ्यात दहा-साडेदहा वाजतात, उन्हाळ्यात नऊच्या पुढे.
- तोडणीच्या आधी दोन-तीन दिवस पाणी देऊ नका. ठिबक असेल तरीही.
- पाऊस पडून गेला असेल तर किमान दोन दिवस थांबा. ढगाळ, दमट हवेत आणखी एक दिवस.
- दुपारच्या भर उन्हात तोडलेला माल उन्हात पडू देऊ नका. त्यानं दुसरं नुकसान होतं, साल करपते.

साधी तपासणी अशी: चार-पाच झाडांवरची प्रत्येकी दोन फळं घ्या. अंगठ्याच्या पेरानं, नख न लावता, बेतानं दाबा. अंगठा तेलकट झाला, वास आला, तर आज तोडू नका किंवा दोन तास थांबा. आमच्या सासूबाई फळ गालाला लावून गारवा बघतात आणि “अजून भरलंय” म्हणतात. त्यांचा अंदाज माझ्या अंगठ्यापेक्षा जास्त वेळा बरोबर आलाय.

इथे फसतो: भाव चढलेला असतो, आडत्याचा, म्हणजे यार्डात आपला माल विकून देणाऱ्याचा, फोन येतो, “उद्या माल पाठवा.” आपण रात्री पाणी देतो, कारण फळ भरलं की वजन वाढतं. त्या वाढलेल्या वजनाचे पैसे डागी मालात जातात, आणि वर आणखी जातात. आडत्याला सरळ सांगा, “परवा पाठवते.” चांगला आडत्या समजून घेतो.

## ४. तोडणीवाल्यांशी आधी बोला

तोडणी उक्ती देऊ नका. गोणीमागे किंवा कॅरेटमागे पैसे ठरले की माणूस वेगानं हात चालवणार. त्यात त्याचा दोष नाही, आपण ठरवलेल्या व्यवहाराचा आहे. आम्ही रोजानं माणसं लावतो आणि जपून काम केल्याचे थोडे वर देतो. पहिल्या वर्षी मला हा खर्च जास्त वाटला होता. पट्ट्या, म्हणजे आडत्यानं दिलेल्या विक्रीच्या पावत्या, समोर ठेवून हिशेब केला तेव्हा ती शंका गेली.

बायका शेतात साडीवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतातच, काट्यापासून बचाव म्हणून. तो बटणं लावून मनगटापर्यंत घ्यायला सांगा. बांगड्या आत राहतात आणि फळाला ओरखडे पडत नाहीत. कुणाला बांगड्या काढायला सांगायची गरज पडत नाही. हातातली अंगठी, कडं असेल तर त्यावर मोजा चढवा.

सकाळी दहा मिनिटं काढून एक डागी फळ आणि एक चांगलं फळ सगळ्यांच्या हातात द्या. डाग कशानं पडतो ते दाखवा. नुसतं “हळू तोडा” म्हटलं की तासाभरात विसरलं जातं. कारण कळलं की बायकाच एकमेकींना टोकतात, “अगं, टाकू नको, ठेव.”

## ५. तोडताना

फळ ओढू नका. ओढलं की देठाची हिरवी चकती निघून येते आणि तिथे उघडी जखम राहते. बुरशी तिथूनच आत शिरते. मोसंबी आणि संत्र्याला दोनदा कात्री लावायची: पहिल्यांदा फांदीपासून थोडं लांब कापून फळ हातात घ्यायचं, दुसऱ्यांदा देठ चकतीला लागून सपाट कापायचं. देठाचं टोक राहिलं तर तेच कॅरेटमध्ये दहा फळांना टोचतं.

कागदी लिंबाला दोनदा कात्री लावणं वेळखाऊ असतं, हे मी मान्य करते. माल दुसऱ्याच दिवशी रसवंतीवाल्याकडे किंवा हॉटेलात जाणार असेल तर हातानं फिरवून, अंगठ्यानं देठ मोडून तोडलेलं चालतं. आठवडाभर टिकवायचं असेल, लांब पाठवायचं असेल तर कात्रीच लावा.

काठीनं झोडपणं, झाड हलवणं पूर्ण बंद करा. उंचावरच्या फळांना जाळीचा झेला वापरा. जमिनीवर पडलेलं फळ वेगळ्या भांड्यात, आणि ते चांगल्या मालात कधीच मिसळायचं नाही. पावसाळ्यात तर नक्कीच नाही, कारण मातीतल्या फायटोफ्थोरा बुरशीचे शिंतोडे अशा फळावर आणि झाडाच्या खालच्या फांद्यांवरच्या फळांवर असतात. ती फळं वरून धडधाकट दिसतात आणि चार दिवसांत तपकिरी पडून सडतात.

झोळी काठोकाठ भरू नका. ती कॅरेटच्या तळाला टेकवून मगच खालून उघडा. फळ कॅरेटमध्ये पडताना ‘टप’ असा आवाज आला तर ते उंचावरून पडलं.

## ६. सावली आणि एक रात्र

भरलेली कॅरेट लगेच सावलीत आणा. झाडाखालची सावली सरकते, म्हणून शेडनेट बांधलेलं बरं.

मग माल एक रात्र तसाच ठेवा. हवेशीर छपरात, कॅरेट एकमेकांवर तीन-चारपेक्षा जास्त न रचता, मध्ये वाऱ्याला जागा सोडून. या वेळात फळ थोडं पाणी सोडतं, साल लवचीक होते आणि निवडताना, भरताना तेलडाग कमी पडतात. तोडताना पडलेले डागही याच रात्रीत दिसू लागतात. म्हणजे ते तुम्हाला घरी दिसतात, यार्डात दिसत नाहीत.

पण हे ताणायचं नाही. उघड्यावर, कोरड्या वाऱ्यात दोन-तीन दिवस राहिलं की देठाभोवतीची साल आधी आकसते आणि मग तपकिरी पडते. वजनात साधारण ५ टक्के घट झाली की सुरकुती डोळ्यांना दिसते, आणि गिऱ्हाईक सुरकुतलेलं लिंबू उचलत नाही. एप्रिल-मे महिन्यात मी छपराच्या भोवती ओली बारदानं टांगते. फळांवर मात्र पाणी मारत नाही.

## ७. निवडताना डाग ओळखा

प्रत्येक डाग तोडणीचा नसतो. डाग कशाचा हे कळलं तरच पुढच्या वेळी काय बदलायचं ते कळतं.

खैऱ्या, म्हणजे कँकर: खरखरीत, फोडासारखा उंच, भोवती पिवळं वलय. हा बागेतला जिवाणूजन्य रोग आहे, काढणीशी संबंध नाही. कोळीचा डाग, ज्याला मोसंबीवाले ‘मंगू’ म्हणतात: गुळगुळीत, तांबूस-तपकिरी, मोठ्या भागावर पसरलेला. हाही बागेतलाच. काट्याचा ओरखडा: लांबट, सुकलेला, बुचासारखा. लहान फळ असताना वाऱ्यानं घासलेलं असतं.

तेलडाग: वेडावाकडा, बसका, आत तेलाचे ठिपके वर आलेले, बहुतेक वेळा फळाच्या फुगीर बाजूवर. चार बोटांच्या ठशासारखे डाग दिसले तर तोडणाऱ्यानं घट्ट धरलं होतं. एकाच बाजूला मोठा डाग दिसला तर फळ आपटलं.

बुरशी: आधी पाणचट मऊ ठिपका, मग पांढरी बुरशी, मग मधोमध हिरवी किंवा निळी पूड. ही पेनिसिलियम बुरशी अखंड सालीतून आत जात नाही, तिला जखम लागते. निळी बुरशी शेजारच्या चांगल्या फळालाही स्पर्शानं धरते आणि कॅरेटमध्ये फळांचा पुंजकाच सडलेला सापडतो. असं फळ दिसलं तर तिथे झटकू नका, पूड सगळीकडे उडते. पिशवीत अलगद घालून शेताबाहेर पुरा आणि ते कॅरेट धुतल्याशिवाय वापरू नका. आंबट वास आणि चिकट पाणी सुटलं असेल तर ती वेगळी सड आहे, पण उपाय तोच.

## ८. धुवायचं की नाही?

माझं मत: वाळवायची सोय नसेल तर धुऊ नका. ओलं फळ भरणं हे न धुतलेल्या फळापेक्षा वाईट. कोरड्या मऊ कापडानं धूळ पुसली तरी लिंबाला पुरतं.

सोय असेल तर पाण्यात क्लोरीन हवं. नुसत्या पाण्याच्या हौदात एका सडक्या फळाची बुरशी सगळ्या मालाला लागते. १०० लिटर पाण्याला ताजी, ३० टक्के क्लोरीनची ब्लीचिंग पावडर सुमारे ३५ ग्रॅम घातली की क्लोरीन १०० पीपीएमच्या आसपास येतं. पावडर आधी बादलीत कालवून, निवळलेलं पाणी हौदात घाला. पाण्याचा सामू (पीएच) साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान असावा. पाणी गढूळ झालं की क्लोरीनचा जोर जातो, तेव्हा बदला. उघड्या जागेत काम करा आणि त्यात दुसरं कोणतंही क्लीनर मिसळू नका. फळं दोन-तीन मिनिटांत बाहेर काढून, साध्या पाण्यानं विसळून, सावलीत वाऱ्यावर पूर्ण सुकवा.

तोडणीच्या दिवशीच धुऊ नका. टम्म फळ पाण्यात आणखी ताणलं जातं. रात्रीनंतर धुवा.

मेणाचा लेप लहान बागाइतदाराला परवडत नाही, आणि स्थानिक बाजारासाठी गरजेचाही नाही. पिवळेपणा आणण्यासाठी कुणी कार्बाइडची पुडी सुचवली तर ऐकू नका. फळांसाठी त्याचा वापर कायद्यानं बंद आहे, आणि मुळात लिंबूवर्गीय फळं तोडल्यावर पिकत नाहीत, फक्त सालीचा रंग बदलतो.

## ९. भरणी आणि टेम्पो

यार्डात लिंबू अजून गोणीतून बरंच येतं. गोणी स्वस्त पडते, परत आणायची कटकट नसते. पण तळातल्या लिंबावर वरचं सगळं वजन येतं, हमालाच्या पाठीवरून गोणी उतरते तेव्हा एकदा आणि थप्पीला लागते तेव्हा दुसऱ्यांदा मार बसतो. आम्ही पहिल्या प्रतीचा माल कॅरेटमधून आणि दुसरी-तिसरी प्रत गोणीतून पाठवतो. सगळा माल कॅरेटमधून पाठवून पाहिला, दुसऱ्या प्रतीला भाडं परवडलं नाही.

कॅरेट काठाच्या दोन बोटं खाली भरा. वर ढीग आला की वरच्या कॅरेटचा तळ त्या फळांवर बसतो. फार कमी भरलं तर फळं रस्ताभर आपटत राहतात. मोसंबी सुटी भरायची वेळ आलीच तर टेम्पोच्या तळाला आणि बाजूंना भाताचा पेंढा किंवा उसाचं मऊ पाचट भरपूर घाला.

आमचे भाऊजी टेम्पो चालवतात. यवत, उरुळी कांचन, हडपसर असा सोलापूर रस्त्यानं रात्री निघायचं हे ठरलेलं, कारण हवा गार असते आणि हडपसरची गर्दी टळते. ताडपत्री वरून बांधा, पण मागून-पुढून वाऱ्याला वाट ठेवा. बंद ताडपत्रीत फळांना घाम येतो आणि सकाळी कॅरेट ओली निघतात. गतिरोधकावर टेम्पो उडाला की सगळी तोडणीची मेहनत गेली, हे चालकाला निघण्यापूर्वी सांगा.

## १०. यार्डात पोचल्यावर

जवळ ठेवा: कॅरेट-गोण्यांची प्रतवार संख्या लिहिलेली चिठ्ठी आणि तिची एक प्रत आपल्याकडे, आधार कार्ड, बँक पासबुकाची झेरॉक्स, आणि शेवटच्या फवारणीची तारीख व औषधाचं नाव. मोठे खरेदीदार फवारणीचं विचारतात. पीक नोंद असलेला सातबारा रोज लागत नाही, पण पिशवीत असू द्या.

उतरवताना स्वतः हजर राहा. हमाल मंडळींशी नीट बोललं, “दादा, हे कॅरेट जरा टेकवून ठेवा” म्हटलं की ते ऐकतात. रविवारी आवक मोठी असते, घाईत माल जास्त आपटतो, म्हणून चांगला माल मी आठवड्याच्या मधल्या दिवशी पाठवते.

पट्टी हातात आली की त्यावर तोडणीची तारीख, वेळ, पाणी कधी दिलं होतं आणि डागी किती निघाला ते पेनानं लिहून ठेवा. माझ्या चार वर्षांच्या पट्ट्या एका फाइलीत आहेत. कोणत्या तोड्याला नुकसान का झालं ते त्यात स्पष्ट दिसतं.

शिकायचं असेल तर तळेगाव दाभाडेला राष्ट्रीय सुगी पश्चात तंत्रज्ञान संस्था आहे, आणि तिच्यामागचं राज्य कृषी पणन मंडळ गुलटेकडीलाच, यार्डाला लागून. माल उतरवल्यावर तिथे जाऊन प्रशिक्षणाची चौकशी करता येते.

## ११. शीतगृहात ठेवायचं असेल तर

भाव पडला की माल शीतगृहात ठेवावा असं वाटतं. ठेवा, पण तापमान विचारून. कागदी लिंबाला ९ ते १० अंश सेल्सिअस आणि ८५ ते ९० टक्के आर्द्रता मानवते. त्याखाली फार दिवस राहिलं की सालीवर खळगे पडतात, ते तपकिरी होतात, आणि तेही बाहेर काढल्यानंतर दिसतात. मोसंबी थोडी जास्त थंडी सोसते. सफरचंदाच्या खोलीत, ० ते २ अंशांवर, कुणी लिंबू ठेवून देतो म्हणालं तर नको म्हणा. घरच्या फ्रिजमध्येही लिंबू मागच्या थंड भिंतीला न लावता खालच्या भाजीच्या कप्प्यात, कागदी पिशवीत ठेवा.

शीतगृहातून काढलेला माल थेट उन्हात आणू नका. सावलीत, कॅरेट पसरून, सालीवर आलेलं पाणी सुकेपर्यंत थांबा आणि मगच निवडायला घ्या.